जड टूरिंग मोटरसायकल डगमगते तेव्हा: दोष कुठून आणि कोणत्या क्रमाने शोधायचा

टाकी भरलेली, दोन्ही बाजूंच्या पेट्या गच्च, मागे टॉप बॉक्स आणि डबलसीट. ताशी नव्वदवरून थ्रॉटल सोडला, गाडीचा वेग हळूहळू उतरू दिला आणि हेल्मेटची काच वर करायला डावा हात हँडलवरून उचलला. सत्तरच्या आसपास उजव्या तळहाताखाली हँडल थरथरायला लागलं. आधी बारीक, मग इतकं की आरशातलं चित्रच पुसट झालं. डावा हात परत ठेवला आणि थरथर गायब!

मोठी टूरिंग गाडी नव्याने घेतलेल्या बऱ्याच जणांना हा अनुभव पहिल्या काही महिन्यांत येतो. मग कुणी हात ठेवल्यावर थांबतं म्हणून सोडून देतो, तर कुणी पहिल्या भेटलेल्या माणसाच्या सल्ल्याने स्टीअरिंगचं बेअरिंग बदलून टाकतो. मी दुसऱ्या गटातला. बेअरिंग बदललं, पैसे गेले आणि थरथर तशीच राहिली. तेव्हापासून मी एका क्रमाने जातो. जे तपासायला फुकट आहे ते आधी आणि जे उघडावं लागतं ते शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही.

सगळ्यात आधी: चालत्या गाडीत सुरू झालं तर

दुरुस्ती नंतरची, आधी हे अंगात भिनलं पाहिजे. हँडल थरथरायला लागलं की हात आपोआप आवळले जातात आणि बोटं पुढच्या ब्रेककडे जातात. दोन्ही टाळायचं. पुढचा ब्रेक जोरात दाबला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि थरथर वाढू शकते. हँडल जिवाच्या आकांताने आवळलं की आपल्या खांद्यांचा ताण त्यात मिसळतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, अंग पुढे झुकवायचं, हँडल धरलेलं असू द्यायचं पण कोपरं सैल ठेवायची आणि थ्रॉटल हळूहळू बंद करायचा. मागची अख्खी गाडी लाटेसारखी डोलत असेल तरीही हेच. खाली वाकायचं, पुढे सरकायचं, वेग सावकाश उतरू द्यायचा.

वेग वाढवून त्यातून बाहेर पडायचा सल्ला ऐकायला मिळतो. नव्या माणसाने तो मानू नये. वाढलेल्या वेगातूनही शेवटी खाली यावंच लागतं.

थांबल्यावर मागे बसलेल्या माणसाला उतरवा, सामान आणि टायर बघा, आणि कारण सापडेपर्यंत वेग कमी ठेवा.

पायरी पहिली: तक्रार नीट शब्दांत मांडा

"गाडी हलते" एवढ्यावर कुणीही मेकॅनिक काही करू शकत नाही. गाडी हलण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि त्यांची कारणंही वेगळी. १९७१ साली रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकाने मोटरसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं. त्यात आलेल्या दोन हालचाली आपल्या कामाच्या आहेत: वॉबल आणि वीव्ह.

वॉबल म्हणजे फक्त पुढच्या भागाची थरथर. चाक, फोर्क (चाक धरणारे पुढचे दोन पाय) आणि हँडल डावी-उजवीकडे भराभर फिरतात, सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा. मोजायला गेलात तर मोजता येत नाही. जड टूरिंग गाड्यांवर ती बहुतेक वेळा ऐंशी ते पन्नासच्या दरम्यान, वेग उतरताना आणि हात सैल असताना दिसते. हँडलवर ठेवलेले हातच तिथे धक्काशोषकाचं काम करतात, म्हणून हात ठेवला की ती थांबते. याचा अर्थ दोष गेला असा नाही, तो झाकला गेला.

वीव्ह म्हणजे अख्ख्या गाडीचं डोलणं. मागचा भाग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, सेकंदाला दोन ते चार वेळा. हे मनातल्या मनात मोजता येतं. मोठ्या वेगात, लांब वळणावर, बाजूचा वारा किंवा ट्रकच्या मागची हवा लागली की ते जाणवतं. याचं कारण बहुधा मागे असतं: सामान, मागचा शॉकअप किंवा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा चिमटा.

तिसरी तक्रार रेंगाळण्याची. गाडी थरथरत नाही, डोलत नाही, पण सरळ रेषेतही राहत नाही आणि सारखी छोटी छोटी दुरुस्ती करावी लागते. चौथी एका बाजूला ओढण्याची. पाचवी, जवळजवळ थांबलेली असताना गाडी अंगावर येण्याची. तिच्याकडे शेवटी येतो.

खिशातल्या वहीत पाच गोष्टी लिहा: वेग किती होता, थ्रॉटल उघडा होता की बंद, सामान आणि डबलसीट किती, रस्ता कसा होता, टायर किती किलोमीटर चाललेत. लांबीच्या दिशेने खाचा पाडलेला काँक्रीट रस्ता किंवा पुलावरची लोखंडी जाळी असेल तर ते नक्की लिहा. तिथे टायर खाचांच्या मागे जातो, हँडल हातात जिवंत झाल्यासारखं वाटतं आणि साधा रस्ता आला की सगळं शांत होतं. तो गाडीचा दोष नाही.

आणि थरथर पुन्हा येते का हे बघायला मुद्दाम दोन्ही हात सोडू नका. मित्राला दाखवायलाही नाही.

पायरी दुसरी: टायर

इथे जास्त वेळ घालवा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो बघून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो. अनेक मोठ्या टूरिंग गाड्यांवर पुढे ३६ आणि मागे ४१-४२ पीएसआयच्या आसपासचा आकडा असतो, पण आपला आकडा आपल्या गाडीच्या स्टिकरवरून किंवा माहितीपुस्तिकेतूनच घ्यायचा. टायरच्या बाजूला छापलेला कमाल दाब हा तो आकडा नव्हे. आणि स्वतःचा गेज ठेवा. दर वेळी तोच गेज वापरला तर तो एखाद्या पीएसआयने चुकत असला तरी बदल लगेच कळतो. मागच्या टायरमध्ये हवा कमी असलेली जड गाडी आधी डोलते, पंक्चरसारखी बसते नंतर.

मग टायरचा आकार बघा. समोरून खाली बसून पाहिलं तर टायर गोल दिसायला हवा. सरळ रस्त्यावर हजारो किलोमीटर चाललेला मागचा टायर मधोमध सपाट होतो. अशा टायरवर गाडी झुकवताना आधी अडते आणि कडेवर आली की एकदम पडल्यासारखी वाटते. पुढच्या टायरचा दोष डोळ्यांपेक्षा हाताला लवकर सापडतो. गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला आणि तळहात टायरच्या कडेच्या नक्षीवरून एका दिशेने फिरवा, मग उलट दिशेने. एकीकडे हात सरकतो आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना अडते, माशाच्या खवल्यांवरून उलटा हात फिरवल्यासारखी. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं. बेअरिंग बदलून झाल्यावर एका संध्याकाळी हात फिरवला आणि उत्तर तिथे बोटाखाली होतं. नवा पुढचा टायर बसला आणि थरथर गेली. टायरवर नक्षी अजून भरपूर होती, म्हणून त्याच्यावर संशयच आला नव्हता.

टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. शेवटी २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर वर्षांनी कडक होतं, म्हणून कमी चाललेली जुनी गाडी घेतली असेल तर हे आकडे आधी वाचा. टायरच्या मापाला लागूनच भारक्षमतेचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं. ७७ एच म्हणजे ४१२ किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर. बदलताना यापेक्षा कमी क्षमतेचा टायर घेऊ नका, मापात बसत असला तरी. पुढे एका प्रकारचा आणि मागे दुसऱ्याच प्रकारचा टायर ही जोडीही टाळा.

रिमला बॅलन्सचं वजन जिथे चिकटवलेलं होतं तिथे नुसता गोंदाचा चौकोन उरलाय का, एवढं जाता जाता बघा. वजन पडलं असेल तर एका ठरावीक वेगाला हादरा येतो.

पायरी तिसरी: सामान

अनेक मोठ्या टूरिंग गाड्या रिकाम्या असताना साडेतीनशे ते चारशे किलोच्या असतात, म्हणून आपण समजतो की त्यांना वीस किलोचं काय. पण किती वजन आहे यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व जास्त. दोन चाकांमधलं अंतर १.७ मीटर धरा आणि वीस किलोचा टॉप बॉक्स मागच्या ऍक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे लावा. मागच्या चाकावर वीस नाही, जवळजवळ पंचवीस किलो येतात आणि पुढच्या चाकावरून पावणेपाच किलो उचलले जातात. शिवाय ते वजन गाडीच्या मध्यापासून लांब आहे, त्यामुळे मागचा भाग एकदा डोलायला लागला की थांबायला वेळ लागतो. बॉक्सचं कॅरिअर स्वतःच हलत असेल तर प्रत्येक हिसक्याला तो उशिरा प्रतिसाद देतो आणि डोलणं वाढवतो. बॉक्स हाताने धरून बाजूला ढकलून बघा. बॉक्स हलताना अख्खी गाडी हलली तर ठीक. गाडी जागच्या जागी आणि बॉक्सच हलत असेल तर आधी तो घट्ट आवळा.

जड वस्तू खाली आणि पुढे: हत्यारं, पाणी, सुटे भाग बाजूच्या पेट्यांच्या तळाशी, सीटच्या जवळच्या कोपऱ्यात. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, जॅकेट, झोपायची पिशवी. दोन्ही बाजूच्या पेट्या उचलून बघितल्या तर हाताला सारख्या लागल्या पाहिजेत. टॉप बॉक्सच्या झाकणाच्या आत अनेकदा किलो आणि कमाल वेगाचं स्टिकर असतं. ते मनावर घ्या.

एकूण भाराचीही बेरीज करा. या गाड्यांची भारक्षमता चालवणाऱ्यासकट दोनशे किलोच्या आसपास असते. ऐंशी किलोचा माणूस, पासष्ट किलोची जोडीदार, दोघांचे हेल्मेट, बूट आणि जॅकेट मिळून पंधरा. झाले एकशे साठ. सामानाला चाळीस किलो उरले, आणि त्यात पेट्यांचं स्वतःचं वजनही आलं, जर त्या गाडीबरोबर आलेल्या नसतील.

हँडलवर काय लटकवलंय तेही बघा. हँडलला बांधलेली मोठी काच, पिशव्या, जड दिवे यांवरचा वारा थेट स्टीअरिंगवर येतो. फ्रेमला बसवलेल्या फेअरिंगचं, म्हणजे पुढच्या कवचाचं, तसं होत नाही. सामान उतरवून, टॉप बॉक्स काढून त्याच रस्त्यावर एक फेरी मारा. तक्रार गेली असेल तर पुढच्या पायरीने बहुतेक काम होईल.

पायरी चौथी: शॉकअपचा प्रीलोड

मागे भार वाढला आणि प्रीलोड, म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, तसाच ठेवला की मागचा भाग बसतो, फोर्कचा कोन आडवा होतो आणि पुढचं चाक हलकं पडतं. वळणावर गाडी बाहेर पळते आणि वाऱ्यात डोलते. बऱ्याच टूरिंग गाड्यांना प्रीलोडसाठी हाताने फिरवायचा गोल नॉब किंवा बटण असतं, तरी कितीतरी लोक गाडी घेतली तेव्हाच्या सेटिंगवर वर्षानुवर्षं चालवतात.

मोजायची रीत सोपी आहे. डबल स्टँडवर मागचं चाक अधांतरी असताना ऍक्सलपासून सरळ वरच्या फ्रेमवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी चाकांवर घेऊन, नेहमीचा भार चढवून, कुणाला तरी धरायला लावून तेच अंतर पुन्हा मोजा. फरक मागच्या चाकाच्या एकूण खाली-वर चालीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत हवा, म्हणजे बऱ्याच गाड्यांवर तीस ते चाळीस मिलिमीटर. जास्त असेल तर प्रीलोड वाढवा. शेवटपर्यंत वाढवूनही गाडी बसतच असेल तर स्प्रिंग या भाराला पुरत नाही.

डँपिंगची, म्हणजे शॉकअप उसळी किती आवरतो याची, परीक्षा अशी: सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. ती वर येऊन थांबली पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली-वर होत राहिली तर शॉकअप थकलाय. फोर्कमधलं तेलही जुनं होतं, हे बरेच जण विसरतात.

पायरी पाचवी: चाक उचलून बेअरिंग तपासणं

आता हत्यारं. गाडी जड आहे, एकट्याने जॅक लावू नका. सोबत दुसरा माणूस हवाच.

पुढचं चाक अधांतरी असताना हँडल बोटांच्या टोकांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फिरणं सलग असलं पाहिजे. बरोबर मधे, चाक सरळ असताना, हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखं अडकलं तर स्टीअरिंगचं बेअरिंग, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत कोनसेट, गेला. गाडी आयुष्यभर जवळजवळ सरळच चालते, त्यामुळे गोळ्या एकाच जागी ठोके देत राहतात आणि तिथे खड्डे पडतात. अशी गाडी सरळ रस्त्यावर रेंगाळते, कारण ती खाच तिला बारीक दुरुस्ती करू देत नाही.

मग ढिलेपणा. फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. दुसऱ्या माणसाने एक बोट फोर्कच्या खालच्या पट्टीच्या आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवावं. बोटाला बारीक 'टक्' लागली तर कोनसेट ढिला. टक् फोर्कच्याच नळीतून येत असेल तर ते फोर्कचे बुश. म्हणून बोट तिथे ठेवायचं, नाहीतर दोन्ही दोष हाताला सारखेच वाटतात. फार घट्ट केलेला कोनसेटही तितकाच वाईट. मापातच घट्ट करायचा, आणि मापाची पद्धत प्रत्येक गाडीची वेगळी असते. टूरिंग गाडीत वायरी आणि केबल इतक्या असतात की त्याच हँडलला अडवतात. त्या सैल आहेत ना हे आधी बघा.

चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, मग तीन आणि नऊच्या. खडखड आली तर चाकाचं बेअरिंग. मागे चाक धरून आडवं ढकला. चाकाबरोबर स्विंगआर्म बाजूला सरकत असेल तर त्याचे बुश किंवा बेअरिंग गेले. वळणात गाडीच्या मधोमध बिजागरी असल्यासारखं वाटतं ते यामुळेच. काही मोठ्या क्रूझर-टूररमध्ये इंजिन आणि स्विंगआर्म मिळून रबराच्या माउंटवर बसवलेले असतात. तिथे ते रबर आणि त्याला जोडलेल्या लिंक तपासायच्या. रबर फुगलेलं, तेलाने मऊ झालेलं किंवा भेगाळलेलं दिसलं तर लांब वळणातल्या डोलण्याचं कारण सापडलं समजा.

चेन असलेल्या गाडीत मागचं चाक सरळ आहे का हे स्विंगआर्मवरच्या खुणांवर सोडू नका. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरा टेकवून तो पुढच्या चाकापर्यंत ताणा आणि दोन्हीकडचं अंतर सारखं आहे का बघा.

स्टीअरिंग डँपर, म्हणजे हँडलची थरथर शोषणारा जोडभाग, बसवला की थरथर थांबते, हे खरं. पण झिजलेल्या टायरवर किंवा ढिल्या कोनसेटवर डँपर बसवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर काढून घेणं. आधीच्या पाचही पायऱ्या करून झाल्याशिवाय तो विकत घेऊ नका.

जागच्या जागी अंगावर येणारी गाडी

वेगातल्या थरथरीची भीती मोठी असते, पण नवा माणूस गाडी पाडतो ती पार्किंगमध्ये. हँडल वळलेलं, वेग चालण्याइतका आणि बोटांनी पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला कोसळते. संथ वेगात पुढच्या ब्रेकवरून बोटं काढून ठेवा. क्लच अर्धा, थ्रॉटल किंचित उघडा आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. मागच्या चाकाला जोर लागलेला राहिला की गाडी उभी राहते. नजर जिथे जायचंय तिथे, पुढच्या चाकाखाली नको. रिकाम्या मैदानात हा सराव अर्ध्या टाकीवर, पेट्या रिकाम्या ठेवून करा.

उतारावर गाडी नाक खाली करून लावली तर बाहेर काढताना मागे ढकलावी लागते आणि चारशे किलो चढावर ढकलता येत नाहीत. मागची बाजू खाली असेल तर बाहेर निघताना इंजिनच काम करतं. उभी करताना पहिला गिअर टाकून ठेवा. मऊ जमिनीवर साइड स्टँडखाली सपाट तुकडा ठेवा.

गाडी एका मर्यादेपलीकडे झुकली की तिला धरू नका, पाय बाजूला घ्या आणि सोडून द्या. गाडीला खरचटलं तर भरून निघतं. पाठीचा मणका किंवा घोटा तसा भरून निघत नाही. उचलताना इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. सीटला पाठ लावून बसा, एका हाताने हँडलचं खालचं टोक आणि दुसऱ्याने फ्रेमचा मजबूत भाग धरा, आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाका. डावीकडे पडली असेल तर साइड स्टँड उघडता येत नाही, म्हणून उभी होताच ती पलीकडे जाऊ नये यासाठी कुणीतरी समोर हवं.

दुरुस्ती झाल्यावर

पुढचं चाक काढून बसवलं असेल तर ऍक्सल घट्ट केल्यावर, त्याचे कडेचे बोल्ट आवळायच्या आधी, पुढचा ब्रेक दाबून फोर्क चार-पाच वेळा खाली-वर दाबा. त्याने फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. मग बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या मापावर. पहिली फेरी सामानाशिवाय, एकट्याने, वहीत लिहिलेल्या त्याच रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर हलके ठेवून. ठीक वाटली तर सामान चढवून तीच फेरी पुन्हा, आणि त्यानंतर डबलसीट. नवा कोनसेट बसतो आणि थोडा सैल पडतो, म्हणून साधारण आठशे ते हजार किलोमीटरनंतर चाक उचलून, सांध्यावर बोट ठेवून, ती टक् पुन्हा लागते का ते बघा.